चिडीचूप नगरीचा खुलासा

कार्तिक शु. १३, मंगळवार

पुस्तकं निघाली! जामखेडहून मामाचं कार्ड आलं. पुण्याचा गठ्ठा त्याच्याकडं पोचला. पाचही आहेत, त्यानं सोडून पाहिली, हुंगून पाहिली, परत बांधली. ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर इकडं धाडतोय. शनिवारपर्यंत पाटोद्यात.

मशीनवर बसवेना. कदमांच्या अंगरख्याला बाही उलटी लागली. उसवली. परत लावली, परत उलटी. येसू चुलीपासून म्हणाली, "आज मशीन ऱ्हाऊ द्या. कापडाचा जीव घेताल."

दीड वर्ष झालं वाचनालय काढून. माझ्या दुकानाची पुढची खोली, वाचनालयाच्या अध्यक्षांनी, अण्णारावांनी, दिलेलं कपाट, कपाटात त्रेचाळीस पुस्तकं. पैकी पोरांचं एकही न्हाई. आमची गंगू नऊ वर्षांची. मी घरी अक्षरं शिकवली, आता ती वाचील काय? वैद्यकाच्या पुस्तकातलं 'पोटशूळावर उपाय' तिनं दोनदा वाचलं. परवा शेजारच्या म्हातारीला ओवा घ्यायला सांगत होती.

म्हणून ही उडी. पुण्यातल्या एका मंडळीनं पोरांच्या पुस्तकांना बक्षिसं दिली, त्याची यादी मामानं धाडलेल्या वर्तमानपत्रात होती. कात्रीनं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तोंडपाठ झाली.

पहिलं: चिडीचूप नगरी.
दुसरं: भोपळ्याची नाव.
तिसरं: ठमी बकरी.
उत्तेजनार्थ दोन: आकाशाचा फळा, कागदाच्या करामती.

अण्णाराव खर्चाला तयार झाले तेव्हा एकच बोलले, "पोरांचीच हायेत ना? मग काय भ्यायचं न्हाई."


कार्तिक वद्य २, शनिवार

गाडीवाला रिकाम्या हातानं आला.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गठ्ठा अडवला. कपडा न्हाई, सुपारी न्हाई, छापील कागद. इंग्रजी हद्दीतून निजामाच्या मोगलाईत छापील कागद आला की तो कचेरीत जायचा. गाडीवाला म्हणाला, "मी सांगितलं त्येन्ला, लेकराची हायेत, बकरीचं चित्र हाय. ते म्हनले बकरी का असंना, कचेरीत सांग."

ओट्यावर पोरं बसलेली होती, सकाळपासून. गंगूनं सगळ्यांना गोळा केलेलं. आठ का नऊ.  मग एक एक उठून गेलं.

सोमवारी कचेरी.


वद्य ४, सोमवार

कचेरीत गेलतो. अण्णाराव बरोबर. पगडी बांधून आले, पण आत गेल्यावर सगळं मलाच बोलावं लागलं.

कागदपत्रांचं काम मुन्शी रहमतअलींकडं. म्हातारा माणूस, मेंदी लावलेली दाढी, दम्याचा खोकला. घरदार हैदराबादेत, हे इथं एकटे. शेरवानीची डावी काख उसवलेली. (आपल्याला आधी तेच दिसतं.)

गठ्ठा त्यांच्या मेजावर. सुतळी सुटलेली. वरच 'ठमी बकरी', लाल मुखपृष्ठ, कोपऱ्यात बक्षिसाचा सोनेरी ठसा! हात पुढं गेला माझा. मुन्शीजींनी गठ्ठ्यावर पट्टी ठेवली.

"हुकूम ऐसा है दर्जी, के किताब में काबिले-एतराज कुछ नै, ये लिखके देना पडता. हर किताब का खुलासा, चार सतर. बाद में किताब बाहेर."

म्हणजे आक्षेपाचं काही न्हाई अशी खात्री अन् चार ओळींत सारांश. म्हटलं, मग द्या लिहून.

"कैसे देता? हमकू तुमचा हरफ वाचता येत नै. मराठी का कारकून बदली होके गया. नवा कब आयेगा, खुदा जाने."

  मग मुन्शीजींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुमकू उर्दू आती?"

"कामापुरती."

"तो तुम वाचो. दुपहर की नमाज के बाद, रोज. मैं सुनता, मैं लिखता."

म्हणजे पाचही पुस्तकं मला वाचायला मिळणार! गावात सगळ्यांच्या आधी! घरी पळत आलो. वय चौतीस, पळत आलो.


वद्य ५, मंगळवार

आज 'कागदाच्या करामती'. वाचण्यासारखं थोडं, करण्यासारखं जास्त. पहिली करामत: होडी. मी सांगत गेलो, इथून दुमडा, तिथून उलटा. मुन्शीजी म्हणाले, असं सांगून काय कळतंय? कचेरीचा कोरा ताव घेतला. त्यांची झाली, माझी फसली. मग टोपी. मग बेडूक, मागून दाबला की उडी मारतो.

शिपाई पाणी घेऊन आला तर मुन्शीजींच्या मेजावर होडी, टोपी, अन् बेडूक दौतीवर बसलेला. शिपायानं पाणी ठेवलं अन् मागं पाहत पाहत गेला.

खुलासा: "इस किताब में कागद मोडने का बयान है। एतराज के काबिल कुछ नहीं।" एक झालं!

संध्याकाळी ओट्यावर पोरांना बेडूक करून दाखवला. पुस्तक न्हाई तर न्हाई. अकरा बेडूक झाले. गंगूचा सगळ्यात लांब उडाला, असं गंगूचं म्हणणं.


वद्य ६, बुधवार

'ठमी बकरी'. एका पोरीची बकरी, बाजारात विकायला नेलेली, ती कशी परत येते. बावीस पानं.

अडलं भाषेत. मराठी वाचायचं अन् तोंडातून दखनी काढायचं, जीभ मध्येच अडकते. 'हिरमुसली' ला काय म्हणावं? मी म्हटलं 'नाराज'. मुन्शीजी म्हणाले, बकरी नाराज? बकरी क्या तहसीलदार है?

घरी आल्यावर सगळं येसूला सांगितलं. तिचं माहेर सिरसाळ्याचं, बालपण सगळं मुसलमान शेजारात गेलेलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "नाराज कावून म्हनलात? मूं उतर्‌या म्हनायचं. आमच्या शेजारची खाला म्हनायची, बकरी का मूं उतर्‌या."

आता रोज रात्रीच्या जेवणाआधी येसूची शाळा. अडलेले शब्द मी सांगतो, ती दखनी करून देते. तिला अक्षर येत न्हाई. मला कितीक वेळा वाटतं, तिला आलं असतं तर मी टाकेच घालत बसलो असतो अन् वाचनालय तिनं चालवलं असतं.


वद्य ७, गुरुवार

गेल्या गेल्या 'मूं उतर्‌या' सांगितलं. मुन्शीजी खुर्चीत मागं टेकले अन् दाढी हलेस्तोवर हसले. "हौ! ये हुई ना बात! कौन बोल्या?" घरात बोलली, म्हटलं. "घर में पूछ के आया करो रोज."

आज 'आकाशाचा फळा'. ताऱ्यांचं पुस्तक. मला वाटलं रुक्ष असेल. कृत्तिकांचं पान आलं, सहा ठिपक्यांचा झुबका. मुन्शीजींनी चष्मा वर केला, चित्रावर बोट ठेवलं.

"ये सुरैया है. हमारी बडी बेटी का नाम."

 मग हैदराबादच्या गच्चीवरनं पोरगी कृत्तिका कशी मोजायची ते सांगितलं. तिला आता तीन मुलं. धाकट्याला यांनी अजून पाहिलेलं न्हाई.

आजचा खुलासा चार ओळींचा न्हाई. एक पूर्ण ताव.


वद्य ८, शुक्रवार

जुम्मा, कचेरी बंद. दिवस जाता जाईना. कदमांचा अंगरखा एकदाचा पुरा केला. दोन्ही बाह्या सुलट.


वद्य ९, शनिवार

'भोपळ्याची नाव'! आतापर्यंतचं सगळ्यात भारी. दोघं भावंडं भोपळा कोरून त्यात बसतात अन् नदीनं खाली खाली जातात, दर वळणाला नवा घाट, नवा माणूस. मी वाचत होतो अन् मुन्शीजी लिहीत होते. मी थांबलो की, "आगे?" शिपाई दारात उभा. दुसऱ्या मेजावरचा कारकून टाक हातात धरून बसलेला, शाई वाळली तरी.

भोवऱ्यात नाव सापडते तिथं मुन्शीजींना खोकल्याची ढास लागली. पाणी दिलं. खोकत खोकतच हातानं खूण, वाच, वाच.

संपल्यावर पाहिलं, चार ताव भरलेले. म्हटलं, मुन्शीजी, हुकूम चार ओळींचा ना?

हळूच म्हणाले, "एक नकल सरकार को. एक नकल सुरैया के बच्चों को. डाक में डाल्या मैं. बकरी का भी डाल्या."

म्हणजे आपली बक्षिसाची पुस्तकं पाटोद्याच्या पोरांच्या आधी हैदराबादेत पोचली!

आता एकच राहिलं. पहिल्या बक्षिसाचं.

येताना अण्णाराव भेटले. सगळं सांगितलं. ते खुश झाले, मग जवळ आले. "उद्याच्यात राजाबिजा असंल तर जरा जपून. शब्द फिरवायचा. आपलं वाचनालय परवानगीवर उभं हाय, ध्यानात ठेव. एक वाक्य वाकडं गेलं की कपाटाला सील."


वद्य १०, रविवार

राजाच हाय. पहिल्याच ओळीत.

एका राजाला झोप फार प्यारी. त्याला आवाज खपत न्हाई. तो हुकूम काढतो, नगरीत कोणी आवाज करायचा न्हाई. लोहारानं घण मारायचा न्हाई, कोंबड्यानं आरवायचं न्हाई, पोरांनी रडायचं न्हाई. हळूहळू सगळी नगरी चिडीचूप.

मी पहिली ओळ मनात वाचली अन् अण्णारावांचं बोलणं आठवलं. आपल्याकडं चार माणसं जमवून बोलायचं तर आधी कचेरीत अर्ज. आमच्या वाचनालयाच्या परवान्यावरही लिहिलंय, व्याख्यान होणार नाही. अन् मी कचेरीत बसून हे वाचणार?

मुन्शीजी टाक बुडवून तयार. "हौ?"

मी म्हटलं, "एक गाव में एक पाटील था."

राजाचा पाटील केला. नगरीचं गाव केलं. प्रधानाचा कुळकर्णी. निम्मं पुस्तक असंच रेटलं. गोष्ट इतकी झकास की तशीही चालली. मुन्शीजी मध्ये म्हणाले, "बडा जालिम पाटील है." मी मान हलवली.

घरी आल्यावर आज येसूला शब्द विचारले न्हाईत. ती म्हणाली, काय झालं? काही न्हाई म्हटलं.


वद्य ११, सोमवार

सापडलो.

मी वाचत होतो, मुन्शीजींनी पान धरलं. पुढच्या पानावर चित्र, पान भरून. उंच गादी, वर छत्र, दोन्ही बाजूंना चवऱ्या. डोक्यावर मुकुट. मागं हत्ती.

चष्मा नाकावर खाली घेऊन त्यांनी चित्र पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"दर्जी. ये कौनसे गाव का पाटील है?"



"ताज पहन्या है. हत्ती बांध्या है. पाटोदे के पाटील के घर तो एक घोडी है, वो भी लंगडी."

कारकून हसला. मुन्शीजी हसले न्हाईत. पुस्तक मिटलं. पाचही पुस्तकं एकावर एक ठेवली, सुतळी बांधली, मागच्या अलमारीत टाकली, कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

"सात दिन मैं तुम्हारी जबान पे भरोसा करके सरकारी कागद पे लिख्या. अब मुझे क्या मालूम, बकरी बकरी थी के नै."

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत खुपायला लागलं.

पोरं ओट्यावर, रोजच्यासारखी वाचलेली गोष्ट ऐकायला. "चिडीचूपचं पुढं काय झालं?" आज न्हाई, म्हटलं. गंगू माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.


वद्य १२, मंगळवार

अण्णारावांना सांगितलं. आधी पांढरे पडले, मग डोकं चालवायला लागले. "म्हाताऱ्याला एक नवी शेरवानी शिवून दे. कापड मी देतो, भारीतलं. अन् ते एक पुस्तक मामाकडं परत. बाकी चार सोडवू."

मला पटलं. खोटं कशाला लिहू, पटलं होतं. शेरवानीची कापणी मनात सुरूही झालती.

येसू आतून ऐकत होती. अण्णाराव गेल्यावर बाहेर आली.

"त्येन्ला तुमी फसिवलं. आता त्याच्यावर शेरवानी घालून झाकणार?"

"मग काय करू?"

"जाऊन सांगा, भ्यालतो म्हनून. भ्यालताच ना?"

भ्यालतोच.

"अन् हे पैलं बक्षीस उगं न्हाई दिलं कुनी. तेच परत धाडून बाकीची चार काय करायची?"

दुपारभर काजं केली. एकही वाकडं गेलं न्हाई. मन थाऱ्यावर नसलं की उलट हात सरळ चालतो कधी कधी.


वद्य १३, बुधवार

सकाळी मुन्शीजींच्या बिऱ्हाडी गेलो. एक खोली, एक बाज, कोनाड्यात कागदी बेडूक. स्वतः चहा करत होते. बस म्हटले न्हाईत. मी उभ्यानंच बोललो.

"मुन्शीजी, मी भ्यालतो. राजा वाचला असता तर तुमी काय लिहिताल याला भ्यालतो. वाचनालयाला सील लागंल, पोरांची पुस्तकं जातील. म्हणून पाटील म्हटलं. बाकी चारात एक अक्षर फिरवलं न्हाई. बकरी बकरीच होती."

चहा गाळला. दोन पेले. एक माझ्यापुढं सरकवला.

"तुम मुझसे डरे."

"व्हय."

"मैं भी किसी से डरता. तहसीलदार से डरता, वो बीडवाले बडे साहब से डरता." पेल्यात फुंकर मारली. "लेकिन मेरे नवासे कू मैं चिठ्ठी लिख्या, एक पाटील था. बच्चे कू झूट गया मेरे हाथ से. वो तुमने करवाया."

 चहा पोळला, तसाच प्यायलो.

दारापर्यंत आले. "कल आओ. शुरू से. राजा कू राजा पढना. क्या लिखना, वो मैं देखता."


वद्य १४, गुरुवार

वाचलं! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न फिरवता. तीन तास. काल रात्री येसूकडून 'चिडीचूप' ला शब्द घेऊन गेलतो. ती म्हणाली, दुसरा शब्द कशाला, तोंडावर बोट ठेवून सांगा, कळतंय. तसंच केलं. कळलं.

पुढची गोष्ट अशी. नदीला वरच्या अंगाला पूर येतो. गुराखी पाहतो, पण ओरडायची बंदी. तो पळत येऊन चौकीदाराला कानात सांगतो, तो कुळकर्ण्याच्या, म्हणजे प्रधानाच्या (बघा, अजून जीभ घसरते) कानात, प्रधान राजाच्या दाराशी उभा, राजा झोपलेला. उठवायचं कोणी? पाणी वेशीत. तेवढ्यात तांबटाची पोर हंड्यावर हातोडा घालते. धाण् धाण् धाण्! सगळी नगरी जागी, लोक टेकडीवर. राजा धोतर सावरत बाहेर. "कोणी केला आवाज?" कोणी बोलेना. पोर पुढं होते. "मी. पाणी आलं."

शेवटच्या पानावर राजा नवा हुकूम काढतो: रोज सकाळी एक घटका सगळ्या नगरीनं मनसोक्त ओरडायचं, अन् राजानं ते बसून ऐकायचं.

मी 'धाण् धाण्' जरा मोठ्यानंच म्हणालो वाटतं. बाहेरच्या वकिलांची माणसं डोकावली. दुसऱ्या मेजावरचा कारकून टाळी वाजवून बसला अन् मग इकडं तिकडं पाहायला लागला.

मुन्शीजी बराच वेळ लिहीत होते. मग टाक थांबला.

"दर्जी, ये राजा अच्छा है के बुरा?"

मी विचार केला. "झोपलेला हाय, मुन्शीजी."

"हौ." तेवढंच म्हणाले अन् लिहिलं. काय लिहिलं, मी पाहिलं न्हाई. अकरा ताव झाले.


मार्गशीर्ष शु. ३, सोमवार

चार सुटली! चार!

तहसीलदारांनी चारांवर सही केली. पाचव्यावर न्हाई. मुन्शीजींनी राजाला राजाच लिहिलं, कशालाही एतराज घेतला न्हाई, पण तहसीलदार म्हणाले हे माझ्या अधिकारातलं न्हाई. पुस्तक अन् अकरा ताव बीडला, जिल्ह्याच्या तालुकदारांच्या कचेरीत गेले.

पण चार! छातीशी धरून बाजारातून आणली. आज बाजाराचा दिवस, ज्याला त्याला दाखवत आलो. भाजीवाल्यानं 'ठमी बकरी' उलटीकडून पाहिली अन् म्हणाला, "बकरी झ्याक हाय."

दुकानात पोचायच्या आत ओटा भरलेला. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं न्हाई, असा नियम येसूनं दारातच केला, घंगाळ घेऊन बसली. एकेकाचे हात उलटे-पालटे पाहून आत सोडलं. एक पोरगं तीनदा परत गेलं. तीस-बत्तीस पोरं, पैकी पोरी अकरा, मुद्दाम मोजल्या. ज्यांना वाचता येतं अशी चार, त्यांच्याभोवती बाकीची. चार कोपऱ्यांत चार पुस्तकं मोठ्यानं चाललेली. बकरीतलं वाक्य होडीत, होडीतलं आकाशात. कानठळ्या! अण्णाराव आले, दारातच उभे राहिले, मग पगडी काढून खाली बसले अन् 'भोपळ्याची नाव' वाल्या कोपऱ्यात सरकले.

गंगूनं 'आकाशाचा फळा' सोडला न्हाई. जेवतानाही मांडीवर.


शु. ६, गुरुवार

चंपाषष्ठी. भरीत-रोडगे. तरी वाचनालय उघडं ठेवावं लागलं, पोरं ऐकेनात. पाटोद्याच्या आसपासच्या वाड्यांवरची दोन माणसं आली, 'पोरांसाठी बक्षिसाची बुकं आलीत म्हणं'. म्हणाले, आम्हाला वाचता येत न्हाई, पोराला बरोबर आणलं तर चालंल का? म्हटलं, पोरालाच आणा, तुमी बरोबर या.

सगळे एकच विचारतात. पहिल्या बक्षिसाचं कधी?


शु. १०, सोमवार

बीडहून हुकूम.

मुन्शीजी स्वतः दुकानात आले, पहिल्यांदाच. पोरं एकदम गप्प झाली. मशीनजवळच्या बाकावर बसले, कागद काढला, वाचून दाखवला. खुलासा चार ओळींचा मागवला होता, अकरा ताव आले. याचा अर्थ काय? मुन्शी रहमतअली व वाचणारा दर्जी, दोघांनी गुरुवारी हजर व्हावं.

"खफा हैं क्या?" मी विचारलं.

"कागद में गुस्सा नै दिखता, खुशी भी नै दिखती. मैं चार दफा पढ्या."

यांची नोकरी थोडी राहिलेली. माझ्यामुळं, असं काहीतरी मी बोलायला गेलो. त्यांनी हात केला. सोडून द्या असा.

अण्णाराव म्हणतात, जाऊ नकोस, आजारी पड. मी म्हटलं, मुन्शीजी आजारी पडणार का?  संध्याकाळी त्यांनीच त्यांची छकडी धाडतो म्हणून निरोप दिला. चांगले बैल जोडून.

मुन्शीजी उठताना त्यांना शेरवानी काढायला लावली. काख शिवून दिली. दहा टाके. ही लाच न्हाई, बीडला उसवलेल्या काखेनं कसं जाणार? येसूही काही म्हणाली न्हाई.


शु. १२, बुधवार

पहाटे निघालो. घाटाखाली बैल सोडून भाकरी खाल्ली. येसूनं मुन्शीजींसाठी वेगळी शिदोरी बांधलेली, धपाटे अन् लोणचं. ते म्हणाले, ये 'मूं उतर्‌या' वाली के हाथ का? व्हय. मग दोन जास्त खाल्ले.

वाटेत मी मनात पुस्तक म्हणत होतो. पाठच झालंय. मुन्शीजींना नवाशाचं, सुरैयाच्या पोराचं, पत्र आलंय, खिशातच आहे. त्यानं विचारलंय, नाना, तो जालिम पाटील तुम्ही पाहिला का? मुन्शीजी म्हणाले, मैं लिख्या, बेटा गलती हुई, राजा था, और राजा का पूरा किस्सा फिर से लिख्या. म्हणजे तिसरी नक्कल.

मला भीती वाटायला पाहिजे. वाटतेय थोडी. पण खरं लिहू? कधी एकदा वाचतो असं झालंय. तालुकदारासमोर, पहिल्या बक्षिसाचं पुस्तक, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

रात्री गावाबाहेरच्या धर्मशाळेत.


शु. १३, गुरुवार. बीड

पेन्सिलीनं लिहितोय, मांडीवर वही.

कचेरीत गेलो. तिथला शिपाई म्हणाला, इथं न्हाई. साहेबांनी बंगल्यावर बोलावलंय. का ते त्याला ठाऊक न्हाई. मुन्शीजी म्हणाले, बंगले पे कभी किसी कू नै बुलाते. चांगलं का वाईट, तेही सांगता येईना त्यांना.

आता बंगल्याच्या पडवीत बसलोय. लांब बाक. समोर दाराला वेळूच्या कामट्यांची चिक सोडलेली. आत कोणीतरी येरझाऱ्या घालतंय. मेजावर एक पुस्तक आहेसं वाटतं, लालसर, चिकेतून नीट दिसत न्हाई. चिडीचूप नगरीचं मुखपृष्ठ निळं होतं का लाल? कमाल आहे, आठवेना. सगळी गोष्ट पाठ, अन् रंग आठवेना.

मुन्शीजींनी त्यांच्या शेरवानीचं गळ्याचं बटण लावायला सांगितलं. लावलं. खोकला आज आवरून धरलाय. पाणी हवं का विचारलं. नक्को.

आत कोणीतरी हसलं. का खोकलं.

शिपाई चिक उचलून बाहेर आला. "वो लंबा खुलासा किसका है? दर्जी का के मुन्शी का?"

मी उठलो. मुन्शीजी माझ्या आधी उठले.

"हम दोनो का," म्हणाले.

शिपाई सांगायला आत गेलाय. चिक हलतेय. वही मिटतो.